दादाचा खोकला

२४ मे १९८७, रविवार

बाबू मुंबईहून आला. बाबू म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, गोदीत कामाला आहे. दर उन्हाळ्यात काहीतरी नवीन घेऊन येतो. मागच्या वर्षी आपोआप उघडणारी छत्री आणली होती, ती आपोआप मिटत नाही. या वर्षी एक इंग्रजी पुस्तक आहे. कुठल्याशा परदेशी बोटीवरच्या खलाशाने दिलं म्हणे.

मी माझ्या पडवीत फणसाचे गरे काढत होतो. घराच्या मधून भिंत गेली आहे, पण पडवीची भिंत छातीएवढीच आहे, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येतं. बाबू त्याच्या आईला सांगत होता, "ही क्लिंगॉन भाषा, आये. सिनेमातल्या परग्रहावरल्या लोकांसाठी बनवलेली. पृथ्वीवर कुठल्याच गावात बोलत नायत."

वहिनी म्हणाली, "मग शिकून बोलायचं कुणाशी?"

दादा पलीकडे बसला होता. त्याने विचारलं, "पृथ्वीवर कुठंच नाय? नक्की?"

"नक्की, बाबा. पुस्तकात छापलंय."

दादाच्या तंबाखूच्या डबीचा आवाज आला. मी गरे काढत राहिलो.

हे लिहून ठेवतो, कारण वही नवी आहे आणि पुढेमागे वाचताना संदर्भ लागेल. दादाचं आणि माझं नऊ वर्षं बोलणं नाही. घर वाटून मधे भिंत घातली त्या शिमग्यात पालखी दारात आली, तेव्हा आधी कुणाच्या ओट्यावर बसायची यावरून झालं. दादा थोरला, म्हणून मान त्याचा. जुना उंबरठा माझ्या वाटणीला, म्हणून मान माझा. दोघांचंही बरोबर होतं. पालखी थोडा वेळ खांद्यांवर थांबली, मग वैतागून पुढच्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी दोघांनी देवळात पायरीला हात लावून शपथ घेतली. दादा तरुणपणी बसऱ्याच्या गलबतांवर होता, त्याला अरबी येतं, हिंदी येतं, थोडं गुजराथी येतं. म्हणून भागोजी गुरवाने शपथ पक्की बांधली: या पृथ्वीवरल्या कुठल्याही भाषेत एकमेकांशी बोलणार नाही. भागोजी आपल्या कामात चोख आहे.

२७ मे

बाबू पहाटेच्या गाडीने मुंबईला गेला. सकाळी पाणी काढायला गेलो तर सामाईक विहिरीच्या काठावर ते पुस्तक. प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर सुतळी बांधलेली. माझ्या बाजूला.

बायकोला, मालनला, म्हटलं, बाबू पुस्तक विसरला.

ती म्हणाली, "विसरलेल्या वस्तूला सुतळी कोण बांधतो वो?"

बाबू पहिल्यापासून व्यवस्थित आहे. पुन्हा येईल तेव्हा परत करायचं. तोवर सांभाळून ठेवतो.

३१ मे

पुस्तक चाळलं. इंग्रजी मला गावच्या हायस्कुलात आठवीपासून होतं आणि मास्तर चांगले होते. शब्दकोश शेजारी घेतला की जमतं. मागे शब्दांची यादी आहे. त्यात काही शब्दांखाली पेन्सिलने रेघा मारल्या आहेत. 'लोडनि', म्हणजे भाऊ, याच्याखाली दोन. पानांना तंबाखूचा वास येतो. बाबू तंबाखू खायला लागला असेल तर दादाला कळायला हवं. पण मी कसा सांगणार.

भाषेला थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ यांत फरक नाही. दोघेही लोडनि. परग्रहावर शिमगा नसावा.

७ जून

रोज पोथीचा अध्याय झाला की पुस्तकाची चार पानं वाचतो. पोथी आधी, पुस्तक नंतर. केवळ माहिती म्हणून वाचतो आहे. मालनने विचारलं तेव्हाही हेच सांगितलं.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊजींशी बोलायचं असंल तर देवाला कौल लावा. शपथ देवानं बांधली, देवच सोडवील. एवढं मोठं पुस्तक कशाला?"

देवाला लहानसहान गोष्टीसाठी त्रास देऊ नये असं माझं मत आहे. शिवाय देवाने सोडवलं, तर लगेच बोलावं लागेल. तयारी नको?

१४ जून

उच्चार. इंग्रज वाचकाला 'ड' आणि 'ष' शिकवण्यासाठी लेखकाने फार कष्ट घेतले आहेत. जीभ वर वळवा, टाळूला लावा, वगैरे. आपल्याला ते जन्मतः येतं. पण घशातली अक्षरं कठीण आहेत. एक 'क' आहे तो पडजिभेच्या मागून काढायचा. एक 'ह' खरवडून. एक 'ग' गुळण्या केल्यासारखा. आणि 'ट' व 'ल' एकत्र, बाजूने हवा सोडून; पुस्तकात म्हटलं आहे की नीट जमलं तर थोडी थुंकी उडायला हरकत नाही.

घरात नको, म्हणून सकाळी आगरात माडांच्या मागे जाऊन सराव करतो. पावसामुळे आवाज फारसा जात नसावा.

दादाला खोकला झाला आहे. आज तो गोठ्यामागे होता, तिथून ऐकू आला. खोल, खरवडून काढलेला. दोनदा थांबला आणि पुन्हा तसाच.

२३ जून

दादाचा खोकला वाढतो आहे. सकाळी माझा सराव संपला की त्याचा सुरू होतो. नेहमीसारखा खोकला नाही. कफ अडकून पडावा आणि सुटू नये तसा. मालनला विचारलं, वहिनी काही बोलल्या का. दोघी जावा रोज बोलतात, त्यांनी शपथ घेतलेली नाही. म्हणाली, वहिनी काही बोलल्या नाहीत, पण तोंड उतरलेलं आहे.

१ जुलै

आज वहिनीने माझ्यासाठी काढा पाठवला. अडुळसा, सुंठ, गूळ.

मालन म्हणाली, "तुमचा खोकला त्यांना ऐकू जातो म्हणे. भाऊजी जेवत नायत नीट, भावाचा घसा गेला बोलतात."

मी म्हटलं, मला खोकला नाही.

"मग माडामागं रोज काय करता?"

सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून काढा प्यालो. कडू होता. दादासाठी मालनकरवी आपल्याकडचा मध पाठवला. स्वतः इतका आजारी असून माझी काळजी करतो, हे वाचून मला पुढे कधीतरी बरं वाटेल. आज वाटलं नाही.

५ जुलै

आजपासून माहिती म्हणून वाचणं बंद. बोलायला शिकायचं आहे. दादा बावन्नचा आहे. वडील त्रेपन्नाव्या वर्षी गेले.

१२ जुलै

क्रियापदं. या भाषेत 'मी' आणि 'तू' वेगळे म्हणावे लागत नाहीत, क्रियापदाच्या डोक्यावर बसतात. 'रोप' म्हणजे आजारी असणे. जिरोप, मी आजारी. बिरोप, तू आजारी. शेवटी 'आ' तोडून म्हटला की प्रश्न: बिरोपआ, तू आजारी आहेस का? एका शब्दात माणूस, आजार आणि विचारपूस बसते. आपल्याकडे विचारपुशीला आधी चहा लागतो.

वाक्यात कर्म आधी, क्रियापद मध्ये, कर्ता शेवटी. मी स्टँडवर गाड्या पुकारण्याच्या कामाला आहे. आज सवयीने माइकवर पुकारलं, "गुहागरला सुटते आहे गाडी." कुणाच्या लक्षात आलं नाही. पण आवाज घोगरा झाला आहे. फलाटावरून एक जण ओरडला, "मास्तर, गाडी गुहागरची हाय का घशाची?" लोक हसले. साहेबांनी बोलावून विचारलं, बरं नाही का. म्हटलं, हवा.

२० जुलै

'भीती वाटणे' हा एक प्रत्यय आहे. क्रियापदाला जोडला की ते करायला भीती वाटते असा अर्थ होतो. 'तू बोलायला घाबरतोस', 'तो बोलायला घाबरतो' असं खुशाल म्हणता येतं. पण 'मी बोलायला घाबरतो' हे व्याकरणाने बरोबर असलं तरी त्या लोकांत म्हणायची पद्धत नाही. पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे.

वाचून थांबलो. आमच्या वाडीतही हेच आहे, फक्त कुणी छापलं नाही.

२६ जुलै

आज मोठी अडचण. 'माझा' म्हणायला दोन प्रत्यय आहेत. जे बोलू शकतात त्यांना एक, बाकी सगळ्यांना दुसरा. माझा भाऊ आणि माझी होडी यांना वेगवेगळं 'माझं'. माणसाला होडीचं 'माझं' लावलं तर तो अपमान समजतात.

म्हणजे आधी ठरवावं लागतं, समोरचा बोलणाऱ्यांतला की न बोलणाऱ्यांतला. गाय कुठे? माझा माइक कुठे? 'माझा देव' म्हणायचं झालं तर? देवाला होडीत बसवणं मला पटेना. संध्याकाळी देवळात भागोजी गुरव दिवाबत्ती करत होता. त्याला विचारलं, देव बोलतो का?

"कौलाला बोलतो. बाकी वेळ ऐकतो."

"मग बोलणाऱ्यांत धरायचा?"

भागोजी वात पुढे सारत म्हणाला, "आत्माराम, नऊ वरसं झाली. ह्या शपथेचा नारळ घेऊन येशील म्हणून मी वाट बघतोय, आणि तू इचारतोस देव बोलतो का? तू बोल आधी."

त्याला म्हटलं, अजून काही प्रत्यय राहिले आहेत. तो पुन्हा वातीकडे वळला. भागोजीला बिचाऱ्याला व्याकरणाची गोडी नाही.

देव बोलणाऱ्यांत धरला. दादालाही. नऊ वर्षं त्याला मी मनातल्या मनात कुठल्या रांगेत बसवलं होतं, ते तपासलं नाही. तपासणं बरं झालं नसतं.

९ ऑगस्ट

'नाही' हा प्रत्यय हवा तिथे बसवता येतो. ज्याच्या मागे बसतो तेवढंच नाकारतो. एका जागी ठेवला तर 'तू बोलायला घाबरत नाहीस'. एक घर पुढे सरकवला तर 'तू न बोलायला घाबरतोस'. सकाळभर हा एक प्रत्यय मागेपुढे सरकवत बसलो. मालनने दोनदा जेवायला हाक मारली.

दुखण्याला शब्द आहे 'ओय'. हा पाठ करावा लागला नाही.

पलीकडून दादाचा आवाज येतो. आता खोकल्यात मध्येच तोंडातून थुंकी उडाल्यासारखा बाजूने आवाज येतो. रोग छातीत उतरला की असं होतं, असं स्टँडवरचा पानवाला म्हणाला. त्याचा मेहुणा असाच गेला.

२९ ऑगस्ट, शनिवार

गणपतीचे दिवस. गणपती एकच, दादाच्या पडवीत. आरतीला आम्ही दोघे शेजारी उभे राहतो. आरती देवाला उद्देशून असते, म्हणून शपथेत येत नाही. हे पहिल्याच वर्षी दोघांनी न बोलता ठरवलं होतं.

दादाच्या गळ्याला मफलर. भाद्रपदात. मी त्याच्याकडे बघितलं तर तो माझ्याच गळ्याकडे बघत होता. मालनने मलाही मफलर बांधायला लावला होता. मंत्रपुष्पांजलीला दोघांचेही आवाज फाटले, पण मला वाटतं 'ष' आम्हां दोघांइतका चांगला कुणाचाच झाला नाही.

आरतीनंतर बाबू माझ्या बाजूला आला. "काका, बाबांना मुंबईला नेतोय. मोठ्या हास्पिटलात. आये रोज रडते."

मी विचारलं, दादा तयार झाला?

"पयला नाय बोलले. मग बोलले, जातो, पण आत्मालाही दाखवून आणा. काका, तुम्हालाही घसा हाय ना?"

मी म्हटलं, मला काही झालेलं नाही.

"हेच ते पण बोलतात," बाबू म्हणाला.

गौरी-गणपती उठले की शनिवारच्या सकाळच्या गाडीने जायचं आहे.

३० ऑगस्ट

अध्याय वाचला. काय वाचलं ते आठवत नाही.

२ सप्टेंबर

विसर्जन झालं. नदीवर दादा गुडघाभर पाण्यात उभा होता. मी चार हातांवर. 'बिरोपआ' तयार होतं. तोंड उघडलं आणि लक्षात आलं की या भाषेत नमस्काराला 'नुकनेह' म्हणतात आणि त्याचा शब्दशः अर्थ 'काय हवंय?' असा आहे. नऊ वर्षांनी थोरल्या भावाला तोंड उघडून 'काय हवंय' विचारणं बरं दिसेल का, या विचारात होतो. तेवढ्यात तो वर गेला.

मान द्यायचा एक प्रत्यय आहे, फार क्वचित वापरतात. तो लावून बघायला हवा. पण तो लावला तर पालखीचं मी कबूल केलं असं होईल.

५ सप्टेंबर, शनिवार

आज सगळं नीट लिहायचं आहे.

सकाळी कामावर गेलो. मुंबईची गाडी फलाटाला लागायला वेळ होता. काचेतून बघितलं तर दादा बाकावर बसलेला, शेजारी बाबू, पायाशी पिशवी आणि वहिनीने बांधून दिलेली भाकरी. मफलर होताच. माझ्या माइकच्या आवाजाकडे तो मान वळवून बघत होता, पण माझ्या खोलीकडे नाही, वर भोंग्याकडे.

मी गाडी पुकारली. मुंबईकडे जाणारी गाडी फलाट तीनवर लागत आहे. पुकारताना कळलं की आता बसून राहिलो तर हेच माझं दादाशी शेवटचं बोलणं होईल, आणि तेही सर्व प्रवाशांना उद्देशून.

माइक बंद केला, बाहेर गेलो. दादासमोर उभा राहिलो. मान द्यायचा प्रत्यय, कर्म आधी की नंतर, काही आठवेना. म्हटलं,

"नुकनेह."

बाबूने वर बघितलं. दादा उठला. उठताना त्याला वेळ लागला. माझ्याकडे इतका वेळ बघत राहिला की मला वाटलं, चुकीचं ऐकू आलं असेल. मग म्हणाला,

"नुकनेह."

पण त्याचा 'क' पडजिभेच्या पार मागून आला. मला तीन महिन्यांत तसा एकदाही जमला नव्हता. बसऱ्याला होता तो, त्याचा उपयोग झाला. आणि माझ्याकडे त्याने असं बघितलं, की असा म्हणायचा असतो. लहानपणी मला रहाटावर बैल वळवायला शिकवताना असंच बघायचा.

मी म्हटलं, "बिरोपआ?"

"जिरोपबे," दादा म्हणाला. मी आजारी नाही. आणि बोट माझ्या गळ्याकडे करून, "बिरोपआ?"

"जिरोपबे."

त्याला पटलं नाही. जवळ येऊन म्हणाला, "ओयआ हुगलिज?" तुझा घसा दुखतो का? हा शब्द माझ्या वाचनात होता, पण वाक्य मी केलं नव्हतं. वाक्य बरोबर होतं. कर्ता शेवटी.

"घोबे," मी म्हटलं. नाही.

दादाने मफलर सोडला आणि पिशवीत कोंबला. मी माझा सोडला, तो त्याने माझ्या हातातून घेऊन त्याच पिशवीत कोंबला.

बाबू एकदा दादाकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. "म्हणजे ते पुस्तक तुमच्याकडं हाय, काका? बाबा बोलले, पावसात भिजून गेलं. शिमग्याला आणलं तेव्हापासून त्यांच्याकडंच होतं, मे महिन्यात आयेला दाखवून परत मागितलं तर देईनात."

दादाला विसर पडला असेल. वय होतंय.

"आणि सकाळी ते खोकणं? दोघांचं?" बाबू डोक्याला हात लावून खाली बसला. "आये तिकडं देवाला नवस बोलली."

कंडक्टरने विचारलं, येताय का. बाबू एकटाच चढला. खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "बाबा, भाकरी तरी द्या!" तोवर गाडी हलली होती.

माझी सुट्टी व्हायला चार तास होते. दादा तोवर माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहिला. मी गाड्या पुकारल्या. मध्ये भाकरीचा अर्धा भाग काचेखालच्या फटीतून आत आला. बरोबर लोणचं होतं.

६ सप्टेंबर

सकाळी जागा झालो तो मनात खटका. शपथ मोडली का? पुस्तकात छापलेलं असलं तरी छापखाना पृथ्वीवरच आहे. नारळ घेऊन देवळात गेलो. दादा आधीच येऊन बसला होता, त्याच्याही हातात नारळ.

भागोजीने सगळं ऐकून घेतलं. "ही भाषा कुठल्याच देशातली नाय?"

नाही, म्हटलं.

"कुणाच्या आवशीनं बोलायला शिकवलेली नाय?"

"नाही."

"मग जरा बोला बगू."

आम्ही दोघांनी 'नुकनेह' म्हटलं. भागोजी एक पाऊल मागे सरला. मग देवाच्या खांद्यांवर फुलं लावून गाऱ्हाणं घातलं, "देवा म्हाराजा, ह्या दोन लेकरांनी जे तोंडातून काढलं, ती जर ह्या पृथ्वीवरली भाषा नसंल, तर उजवा दे." वाट बघितली. उजवं फूल पडलं. माझे डोळे भरून आले. दादा खांबाकडे बघत होता.

भागोजी म्हणाला, "आता हाताबरोबर दुसरं पण इचारतो. शपथच सोडवून घेऊ. मराठीत बोला सुखानं."

मी दादाकडे बघितलं, दादाने माझ्याकडे. एका दिवशी देवाला दोन प्रश्न विचारू नयेत, असं मी भागोजीला सांगितलं. दादाने मान हलवली. या बाबतीत आमचं दोघांचं पहिल्यापासून एकमत आहे.

८ सप्टेंबर

आज दादाशी भांडलो.

सुरुवात कशी झाली सांगता येत नाही. विहिरीवर शब्द आठवत होतो. 'जुह' म्हणजे घर, आणि 'वाडिच' म्हणजे पहिला. हे दोन शब्द मी सहज, केवळ सराव म्हणून, एकापुढे एक म्हटले. दादाने घागर खाली ठेवली. म्हणाला, "घोबे! जुहविज वाडिच!" नाही, माझं घर पहिलं. मी म्हटलं, "घोबे! जुहविज!" आणि उंबरठ्याला शब्द न सापडल्याने हाताने दाखवला. त्याने थोरलेपणाला शब्द नसल्याने छातीवर थाप मारली. शब्द कमी असल्याने तेच तेच पुन्हा म्हणावं लागत होतं, पण आवाजाला भरपूर वाव आहे या भाषेत. थुंकी दोघांचीही उडाली. वाडीतले चार लोक कुंपणाशी गोळा झाले.

मालन आणि वहिनी पायरीवर बसून वाल सोलत होत्या.

"भांडतायत का गो बोलतायत?" वहिनीने विचारलं.

"सारखंच तां," मालन म्हणाली. "सोला तुम्ही."

शेवटी दादाने मला काहीतरी लांबलचक म्हटलं, त्यात 'माझा भाऊ' होतं आणि प्रत्यय होडीचा होता. मुद्दाम. मीही त्याला होडीचा लावला. मग दोघेही दमलो. रहाट दादाने ओढला, घागरी मी भरल्या. दोन्ही घरच्या.

फार दिवसांनी झोप चांगली लागणार असं वाटतं.

१६ सप्टेंबर, बुधवार

उद्या दशमी. वडिलांची तिथी. नऊ वर्षं आम्ही त्यांचा म्हाळ वेगवेगळा घालतो. दोन चुली, दोन पानं, कावळा एकच. आधी कुणाच्या पानाला शिवतो ते दोघेही भिंतीआडून बघतो. वडिलांना जिवंतपणी घाईघाईत जेवायला आवडत नसे.

सकाळी विहिरीवर दादा होता. मी पाणी काढलं, तो तिथेच उभा. हातात काही काम नव्हतं. निघालो तर घसा खाकरला. हा खराच खाकरला. म्हणाला,

"वाव."

म्हणजे वडील. मी घागर खाली ठेवली. तो पुढचे शब्द एकेक करून बोलला, मध्ये थांबत, जसा माणूस अंधारात पायरी चाचपत उतरतो.

"वालेष. नादेव. मासोप."

उद्या. इथे. आपण जेवतो.

'इथे' म्हणताना त्याने आपल्या पडवीकडे हात केला. मग तो हात खाली यायच्या आत बदलला, माझ्या जुन्या उंबरठ्याकडे केला, आणि मग कुठेच नीट न ठेवता खाली सोडला.

पहिला शब्द वाक्यात कुठेच बसत नव्हता. मला त्यातलं काही सुधारावंसं वाटलं नाही. त्याच्या पडवीकडे बोट करून म्हटलं, "नादेव. हिजा." हिजा म्हणजे हो. उच्चार नीट आला की नाही कळलं नाही. दादा पाठ फिरवून रहाटाचा दोर बघत होता, त्या दोराला काही झालेलं नव्हतं.

घरी येऊन मालनला सांगितलं, उद्या आपल्याकडे चूल पेटवायची नाही.